पंधरा नंबरच्या मागे कोण?

एव्हारिस्तो पेन्याल्वेरने खेळाचे सर्व्हर एकाचे तीन करायचं ठरवलं, तेव्हा त्याचा हेतू स्वच्छ होता. हे सुरुवातीलाच नोंदवलेलं बरं, कारण पुढे ते कोणीच नोंदवलं नाही.

अडचण साधी होती. हवानातल्या ला व्हीबोरा भागात, त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी गच्चीवरून गच्चीवर केबली टाकून आपलं आपण एक जाळं विणलं होतं. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नव्हता. पण गल्लीतल्या गल्लीत बंदुकांचा खेळ खेळता येई, गप्पा मारता येत, आणि ज्यांची मुलं देश सोडून गेली होती त्यांना निदान शेजाऱ्याची गोळी खाण्याइतकी तरी सोबत मिळे. या जाळ्याचा सर्व्हर एव्हारिस्तोच्या जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर होता. उरलेल्या अर्ध्या भागावर त्याची बायको नेरेइदा जेवण वाढायची आणि ही विभागणी तात्पुरती आहे असं गेली कित्येक वर्षं ऐकत होती. एव्हारिस्तो जलखात्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. तिथे त्याला कोणी काही विचारत नसे. इथे तो व्यवस्थापक होता.

गल्लीतला सर्वांत तरबेज खेळाडू म्हणजे युसनिएल. तो इस्पितळात दिवसभर लोकांचे सांधे मोकळे करायचा आणि संध्याकाळी खेळात त्याच लोकांची हाडं मोडायचा. नवीन माणूस सर्व्हरवर यायचा, बंदूक कुठल्या कळीने उचलतात ते शोधायचा, आणि ती सापडायच्या आत मरायचा. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तो यायचाच नाही. माणसं गळू लागली. तेव्हा एचेमेन्दियाचा फोन आला. हा वरच्या केंद्राचा व्यवस्थापक. त्याच्या गच्चीवरच्या अँटेनाने सगळ्या गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. तो कधी आवाज चढवत नसे, म्हणून लोक त्याला जास्त घाबरत. गल्लीत माणसं टिकत नसतील तर तिची केबल दुसऱ्या गल्लीला उपयोगी पडेल, एवढंच तो म्हणाला.

या जाळ्याची सरकारला अधिकृत माहिती नव्हती. त्यामुळे त्याचे नियम सरकारपेक्षा कडक होते. राजकारण बोलायचं नाही, शिवीगाळ करायची नाही, आणि मुख्य म्हणजे अनोळखी माणूस नको. प्रत्येक खेळाडूमागे एक केबल, प्रत्येक केबलीच्या टोकाला एक घर, आणि त्या घरात व्यवस्थापकाच्या ओळखीचा माणूस. हा नियम मोडला की गल्ली बंद.

एव्हारिस्तोने तीन सर्व्हर केले आणि त्यांना प्राथमिक, माध्यमिक व उच्च अशी नावं दिली. लोकांनी त्यांना बालवाडी, शाळा आणि खाटीकखाना म्हणायला सुरुवात केली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. प्रश्न असा, की कोणी कुठे बसायचं हे ठरवणार कोण? गल्लीतला प्रत्येक जण स्वतःला खाटीकखान्याच्या लायकीचा समजत होता. यावर सल्ला द्यायला सगळे आले. गल्ली समितीच्या झोराइदाबाईंचं म्हणणं पडलं की वयाप्रमाणे लावा. युसनिएल म्हणाला, रक्तदाबाप्रमाणे लावा. कोणी तरी लेखी परीक्षा सुचवली आणि तिचा पेपर स्वतःच काढायची तयारी दाखवली.

शेवटी एव्हारिस्तोने ती पद्धत वापरली जी त्या शहरात जन्मलेल्या प्रत्येकाला आईचं दूध तुटायच्या आधी कळते. पावाच्या दुकानाशी, बसच्या थांब्यावर, दंतवैद्याच्या दारात माणूस पोचतो आणि विचारतो, शेवटचं कोण? कोणी तरी हात वर करतो. झालं, तुम्ही त्याच्यामागे. मग उभं राहायची गरज नाही. सावलीत बसा, कॉफी पिऊन या, भांडण करून या. तुमची जागा तुमचीच. बंधन फक्त एकावर असतं. जो शेवटचा आहे त्याने, मागे कोणी येऊन तोच प्रश्न विचारीपर्यंत, हलायचं नाही. तो हलला तर रांगेचं टोकच हरवतं आणि मग जे होतं त्याला पोलीस बोलवावे लागतात.

सर्व्हरवरही तसंच. नवीन माणसाने बालवाडीत यायचं, शेवटचं कोण असं लिहायचं. शेवटच्याने "मी" म्हणायचं, आणि दोघांनी खेळायचं. जिंकला तर नवा पुढे, हरला तर मागे. मागे कोणी येईपर्यंत शेवटच्याने सर्व्हर सोडायचा नाही. एव्हारिस्तोने स्वतःला मात्र रांगेबाहेर ठेवलं. व्यवस्थापकाने निष्पक्ष असावं, असं कारण त्याने दिलं. गल्लीने ते आदराने ऐकून घेतलं. एव्हारिस्तो किती वाईट खेळतो हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा तो सबंध डाव जिन्याखाली अडकून बसला होता आणि शत्रूला त्याची दया आली होती.

पहिल्या आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. समोरच्या दंतवैद्यबाई शेवटच्या ठरल्या आणि त्यांचा रुग्ण तोंड उघडून तसाच खुर्चीत राहिला. एक गृहस्थ गच्चीच्या कठड्याशी येऊन, माझ्यापेक्षा वाईट कोणी आहे का हो, असं दोन्ही बाजूंना ओरडत होते. शेवटचं कोणालाच व्हायचं नव्हतं, आणि झालेल्याला उठता येत नव्हतं. नेरेइदा म्हणाली की नवऱ्याने खेळाचा तुरुंग करून टाकला आहे.

आणि मग तक्रारी एकदम थांबल्या.

एव्हारिस्तोने त्याचं श्रेय पद्धतीला दिलं. बालवाडी भरू लागली. नवे येत, जिंकत, खुश होत. दंतवैद्यबाई परत आल्या. गल्लीत हरणारं जणू कोणी उरलंच नव्हतं, आणि या हिशेबात काही चुकतंय का, असं त्याच्या मनातही आलं नाही. ते आलं एचेमेन्दियाच्या मनात.

"पंधरा नंबर कोण?" त्याने फोनवर विचारलं.

एव्हारिस्तोने पडद्यावर पाहिलं. बालवाडीच्या अगदी तळाशी ते नाव होतं. पंधरा नंबर. कधीपासून, ते आठवेना. आपल्याकडचाच कोणी तरी, असं तो म्हणाला. एचेमेन्दियाने शांतपणे विचारलं की घर कोणतं. एव्हारिस्तोने यादी पुन्हा वरपासून वाचली. मग एचेमेन्दिया म्हणाला की रविवारी जेवायच्या आधी तो स्वतः येईल. तोपर्यंत एक तर त्या माणसाचं घर सापडलेलं असावं, नाही तर तो माणूस नसावा. दोन्ही नसेल, तर केबल तो बरोबरच गुंडाळून नेईल.

चौकशी सुरू झाली. जे जे बालवाडीत खेळले होते ते सगळे पंधरा नंबरला हरवून पुढे गेले होते, आणि प्रत्येकाने वर्णन एकच केलं. खेळातल्या बंदरात एक गोदाम आहे. त्याचं दार खाली ओढलेलं असतं. त्या दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून तो उभा असतो. शेवटचं कोण असं विचारलं की लगेच "मी" म्हणतो. गोळी मारतो, पण फार वाईट. मरताना काही तक्रार करत नाही. आणि उठला की एकच वाक्य लिहितो: मागे कोणी आलं का?

"सभ्य माणूस आहे," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "माझ्या हातून मेला, तरी एक वाकडा शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. सगळ्या गल्लीचीच गेली. पंखे थांबले, रेडिओ थांबले, आणि घराघरांतून नेहमीचा तो लांब उसासा निघाला. एव्हारिस्तोचा सर्व्हर ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चालू राहायचा. वीज गेली की घरोघरचे संगणक बंद पडत आणि पडद्यावरची नावं एकेक करून विझत. ती विझताना पाहणं हा व्यवस्थापकाचा एक शांत आनंद होता. खाटीकखाना रिकामा झाला. शाळा रिकामी झाली. बालवाडी रिकामी झाली.

एक नाव राहिलं.

एव्हारिस्तोने आधी खिडकीतून बाहेर पाहिलं. कुठे दिवा नव्हता, कुठलं यंत्र घरघरत नव्हतं. दुपारच्या त्या उन्हात गल्ली इतकी गप्प होती की बॅटरीच्या तारांची गुणगुण ऐकू येत होती. त्याने लिहिलं, कोण आहे? उत्तर ताबडतोब आलं, जणू पलीकडच्याचे हात कळांवरच होते.

मी. शेवटचा.

मग, थोडं थांबून: मागे कोणी आलं का?

एव्हारिस्तोने नेरेइदाला हाक मारली. ती हात पुसत आली, वाचलं, आणि म्हणाली की आता हे टेबल आपल्याला परत मिळायला हवं. पण जाताना तिने स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं. ते ती कधी ठेवत नसे.

व्यवस्थापक म्हणून एव्हारिस्तोने नियमाने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पंधरा नंबरचं नाव पुसलं. ते खाली परत आलं. सर्व्हर बंद करून चालू केला. पंधरा नंबर सगळ्यांच्या आधी हजर. मग शनिवारी सकाळी युसनिएलला घेऊन तो गच्चीवर चढला. स्विचमधून केबली निघत होत्या. एकेकीच्या टोकाला कोण आहे हे त्याला पाठ होतं. एकच केबल अशी होती की जिच्या टोकाला आता कोणी नसायला हवं होतं.

दोघं तिच्यामागे निघाले. गच्चीवरून गच्चीवर जाणं म्हणजे प्रत्येक घरची कॉफी आणि प्रत्येक घरचं मत घेणं. एकाने सांगितलं की ही हेरगिरी आहे. दुसऱ्याने ठामपणे सांगितलं की घुशी केबल कुरतडतात, त्यातून असे प्रकार होतात. तिसऱ्या गच्चीवर झोराइदाबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. पंधरा नंबर हे नाव ऐकल्यावर त्यांनी हातातली चादर पुन्हा दोरीवर टाकली.

"फुंदोरा," त्या म्हणाल्या. "जन्मभर पंधरा नंबरच्या बसवर कंडक्टर होता. दुसरं कोण असणार?"

युसनिएलने अदबीने आठवण करून दिली की फुंदोराकाका हिवाळ्यात वारले.

"वारला ते मी तुझ्याकडून ऐकू? त्याच्यापुढे रांगेत मीच होते." मग त्यांनी सांगितलं. पावाच्या दुकानाशी म्हातारा आला, शेवटचं कोण विचारलं, त्यांनी हात वर केला. त्याच्यामागे कोणी आलं नाही. त्यांना पाव मिळाला आणि पाव संपला. दुकानदाराने दार खाली ओढलं. लोक पांगले. फुंदोरा दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसून राहिला. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं की तो अजून बसलेला आहे. "निळी टोपी डोक्यावर. वाट पाहत असल्यासारखा. मला काय ठाऊक, बाबा."

एव्हारिस्तोला आता एक गोष्ट आठवली. ही केबल टाकायला तो स्वतःच गेला होता, त्या दिवसाची. नातू देश सोडून गेला, त्याचा संगणक आजोबांकडे राहिला. फुंदोराने एव्हारिस्तोला विचारलं होतं, तिथे मला आल्या आल्या मारणार तर नाहीत? एव्हारिस्तो म्हणाला होता, नवशिक्यांसाठी वेगळी सोय करतोय. थोडं थांबा.

केबल कोपऱ्यावरच्या घरात उतरत होती. घराला कुलूप होतं. फुंदोराच्या भाचीने संगणक केव्हाच विकला होता. कठड्यावरून वाकून पाहिलं तर केबलीचं टोक मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या टाकीवर, हवेत लोंबकळत होतं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. वारा नव्हता, तरी ते सावकाश हलत होतं.

"काका," युसनिएल म्हणाला, "मला इस्पितळात जायचंय." तो शनिवार होता आणि त्याला सुट्टी होती.

ती केबल एव्हारिस्तोने स्विचमधून उपटली. घरी येऊन पाहिलं. पंधरा नंबर भिंतीपाशी उभा होता.

झोराइदाबाई दुपारी पाण्याने भरलेला पेला घेऊन आल्या. मेलेल्याला तहान लागते, एवढं त्यांचं शास्त्र होतं, आणि पेला नेमका सर्व्हरवर ठेवायचा त्यांचा आग्रह होता. एव्हारिस्तोने विजेविषयी काही सांगून पाहिलं. पेला टेबलाच्या मधोमध, म्हणजे नेरेइदाच्या हद्दीत ठेवायचं ठरलं. मग झोराइदाबाईंनी खरा सल्ला दिला. भुताचं भूतपण त्यांना महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने हा रांगेचा प्रश्न होता. माणूस शेवटचा आहे, त्याच्यामागे कोणी उभं राहिलेलं नाही, तो जाणार कसा? त्याच्यामागे उभं राहा.

हे सगळ्यांना इतकं पटलं की आपण काय पटवून घेतोय याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

रविवारी सकाळी एव्हारिस्तोच्या बैठकीच्या खोलीत गल्ली जमली. मागे उभं राहायचं म्हणजे पंधरा नंबरकडून हरायचं. युसनिएल म्हणाला, त्यात काय, मी हरतो. तो बसला, बंदरावर गेला आणि बंदूक खाली टाकून उभा राहिला. पंधरा नंबरही उभा राहिला. दोघं एकमेकांसमोर तसेच. मग पडद्यावर अक्षरं उमटली: रांगेत लबाडी चालत नाही, पोरा.

कोणी हसलं नाही. युसनिएल इतक्या बेताने उठला की खुर्ची वाजली नाही.

दंतवैद्यबाईंनी मनापासून खेळून पाहिलं आणि मनापासून जिंकल्या. गच्चीवरून ओरडणारे गृहस्थ जिंकले. झोराइदाबाईंना चष्म्याशिवाय बसवलं, त्यासुद्धा जिंकल्या आणि वर खजील झाल्या. शेवटी नेरेइदाला बसवलं. जन्मात तिने माउसला हात लावला नव्हता. खिडकीतून कोणाला तरी हाक मारता मारता तिने कुठली तरी कळ दाबली आणि पंधरा नंबर आडवा झाला.

मागे कोणी आलं का?

तेवढ्यात एचेमेन्दिया आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, हातात केबल गुंडाळायची रिकामी चकती. त्याने पडद्यावरचं ते वाक्य वाचलं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि घड्याळाकडे पाहिलं. मग हळूहळू, कोणी न ठरवता, सगळ्यांची तोंडं एव्हारिस्तोकडे वळली.

तो म्हणाला की व्यवस्थापक रांगेबाहेर असतो.

"एव्हारिस्तो," नेरेइदा म्हणाली, "बस."

त्याने बसायच्या आधी हात धुतले. तो हरायला बसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो जिंकायला बसला. ज्याला दंतवैद्यबाई हरवतात, झोराइदाबाई आंधळेपणी हरवतात, त्याला आपण नक्कीच हरवू. मग एचेमेन्दियाने केबल नेली तरी चालेल, असं एक क्षण त्याला खरोखर वाटलं. गल्ली मुकी झाली तरी चालेल, पण शेवटचा मी नाही. हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

तो जिन्याखाली अडकला. सुटला. खोक्यांच्या मागून वाकत वाकत, नकाशा काढणाऱ्याच्या सगळ्या काटेकोरपणाने, गोदामाच्या बाजूला पोचला. पंधरा नंबर भिंतीला पाठ लावून उभा होता. इतक्या जवळून त्याला कोणी पाहिलं नसावं. खेळातल्या सगळ्या बाहुल्यांचे चेहरे सारखेच असतात. हाही तसाच होता. फक्त या बाहुलीच्या डोक्यावर टोपी होती, आणि त्या खेळात टोप्या नाहीत. त्याने बॉम्ब काढला, नेम धरला आणि पूर्ण प्रामाणिकपणे स्वतःच्या पायाशी टाकला.

स्फोट होईपर्यंत जो वेळ जातो तो फार लांब होता.

नावं सरकली. पंधरा नंबर एक घर वर गेला. तळाशी आलं: व्यवस्थापक.

मागे कोणी आलं का?

एव्हारिस्तोने दोन बोटांनी लिहिलं. मी.

जागा धरा मग, असं उत्तर आलं. पुढे: फार वेळ लागला नाही. थोडंच थांबलो.

ते नाव विझलं नाही. नावं विझतात तशी तरी नाही. ते होतं, आणि मग तिथे कधी काही नव्हतंच. टेबलाच्या मध्यावरचा पेला अर्धा झाला होता. ऊन फार आहे, पाणी उडतं, असं कोणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांनी त्याला घाईघाईने दुजोरा दिला.

एचेमेन्दियाने यादी पाहिली, अनोळखी कोणी नाही याची खात्री केली, कॉफी घेतली आणि रिकामी चकती तशीच परत नेली. गल्ली वाचली. लोकांनी एव्हारिस्तोचे हात हातात घेऊन आभार मानले. कोणीही हसलं नाही, आणि तेच त्याला सर्वांत जास्त लागलं. दारातून जाताना युसनिएल म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. कोणी तरी असायलाच लागतं."

त्यानंतर बालवाडीत नवीन कोणी आलं नाही. कारण उघड होतं. पंधरा नंबरला हरवणं सोपं होतं, म्हणून लोक त्याच्याशी खेळायचे. व्यवस्थापकाला हरवण्यात लोकांना संकोच वाटू लागला. एव्हारिस्तो टेबलाशी बसून राहायचा. नियम त्यानेच केला होता. जेवायला हाक आली की म्हणायचा, येतो, कोणी आलं की. नेरेइदाने दोनदा भात गरम केला आणि तिसऱ्यांदा त्याच्या हातात पिशवी देऊन त्याला पाव आणायला पिटाळलं. यंत्र इथेच आहे, ते कुठे जात नाही, असं ती म्हणाली.

दुकानाशी त्याने विचारलं, शेवटचं कोण? एका बाईने हात वर केला. तो तिच्यामागे झाला. ऊन चढत गेलं. बाईला पाव मिळाला आणि पाव संपला. दुकानदाराने दार खाली ओढलं. लोक पांगले. एव्हारिस्तोनेही घरी जायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. पण पाव संपला तरी रांग संपली असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याने रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यापर्यंत कोणी नव्हतं. दाराशेजारची भिंत सावलीत होती. तो तिला टेकून बसला.

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नसतं. उठायचा विचार तो पुनःपुन्हा करत होता आणि तो विचार कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा दुरून जात होता. मग समोर ओळखीच्या चपला दिसल्या.

नेरेइदाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खाली ओढलेल्या दाराकडे पाहिलं. रांगेत उभं राहायचं काम तिने लग्नापासून नवऱ्यावर टाकलेलं होतं.

"शेवटचं कोण?" तिने विचारलं.

"मी."

"मग मी तुझ्यामागे. तू घरी जा. भात झाकून ठेवलाय."

त्याचे गुडघे एकदम मोकळे झाले. तो उठला, पिशवी झटकली आणि चालू लागला. पाय हलके पडत होते, भूक लागली होती. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने मागे वळून पाहिलं. नेरेइदा भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर, नजर रस्त्यावर. त्याला तिने ओळखलं असावं, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याच्या मागून कोणी येतंय का, हे ती पाहत होती.

एव्हारिस्तो परत आला. तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं, शेवटचं कोण?

संध्याकाळी दुकानदार कुलूप नीट लागलंय का पाहायला आला, तेव्हा ती दोघं अजून तिथेच होती. एक जण उठायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, आणि दुसऱ्याला तोच प्रश्न विचारायचा. मग दुसरी उठायची. दुकानदाराने त्यांना सांगितलं की आज पाव नाही. ते आम्हाला माहीत आहे, असं नेरेइदा म्हणाली, आणि तिने मोठ्या आशेने त्याला विचारलं की तो रांगेत आहे का.